‘काऊन’ विचारायचं कुठे?

16 एप्रिल 2025 रोजी पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, रान पेटलं आणि 29 जूनला सरकारनं जूनमधल्या सुधारित निर्णयासह तो मागे घेतला. विरोध रास्तच होता. पण त्या अडीच महिन्यांच्या गदारोळात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली: महाराष्ट्रातलं मूल घरून मराठी घेऊन येतं. कोणती मराठी, हे फारसं कुणी विचारलं नाही.

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं, वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं हिंगणी घ्या. इथल्या घरात ‘मला’ नसतं, ‘मले’ असतं. ‘का’ नसतं, ‘काऊन’ असतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं की विषय मिटतो. ही नोंद खोटी नाही, फक्त फार लवकर समाधान मानणारी आहे.

वर्धा जिल्ह्यानं तर या प्रश्नाचा इतिहास अंगाखांद्यावर वागवला आहे. 1936 मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यात स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या वर्धा शिक्षण परिषदेनं शिक्षण मातृभाषेतून असावं, असा ठराव केला. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम 350 क, 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, सगळ्यांनी कमीअधिक तोच सूर लावला. ‘मातृभाषा’ म्हणजे नेमकं काय, याची टोचणी मात्र कोणत्याच कागदाला फारशी लागली नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: “लहान पोरं भाषा पटकन उचलतात.” बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. इंग्रजी माध्यमानं सारं सुटेल म्हणणाऱ्यांनी आधी गावातल्या अशा शाळेचा एक तास ऐकावा. पण ‘उचलतात’ हे म्हणणं समंजस दिसतं, म्हणून ते जास्त घातक आहे.

उचलतात, हे खरंच. दिवाळीपर्यंत पहिलीतलं मूल ‘वही काढा’, ‘रांगेत उभे राहा’ या सूचना पाळू लागतं आणि शिक्षकाला वाटतं, जमलं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं, की नव्या भाषेत गप्पा मारण्यापुरती सफाई दोनेक वर्षांत येते, पण विषय शिकण्याजोगी पकड यायला पाच-सात वर्षं लागतात. त्यांचा अभ्यास स्थलांतरितांच्या मुलांचा. बोली आणि प्रमाणभाषा यांतलं अंतर तेवढं नाही, हे मान्य. पण जवळचं अंतर दिसत नाही, हीच तर अडचण आहे.

गणिताच्या पुस्तकात ‘प्रत्येकी किती संत्री मिळतील?’ असं येतं. ‘एकेकाले किती?’ असं विचारलं तर तेच मूल वाटणी करून मोकळं होईल. ते अडतं ‘प्रत्येकी’वर; मग गुण भागाकाराचे जातात आणि शेरा मिळतो, ‘गणितात कच्चा’. पुढच्या वर्षी त्याला ‘प्रत्येकी’ येईलही. तोवर गणिताची भीती मात्र बसलेली असेल. पटकन उचललेल्या भाषेचा हिशेब करणारे ही बाजू कधी मांडत नाहीत.

गोंडी बोलणाऱ्या मुलाचं अंतर तर कित्येक पट मोठं, कारण ती द्राविडी भाषा. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवली. घटनेतल्या कलमाचं गावपातळीवर हे असं होतं.

म्हणून बोलीत पाठ्यपुस्तकं छापा, असं इथे म्हणणं नाही. प्रमाण मराठी यायलाच हवी. तिच्याशिवाय अर्ज, कचेरी, वर्तमानपत्र सारं बंद. भेद करायचा तो उत्तराची भाषा आणि प्रश्नाची भाषा यांत. उत्तर प्रमाण मराठीत लिहायला चौथीपर्यंत शिकवता येईल, घाई नाही. प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून घरच्या भाषेत विचारता आला पाहिजे. ‘काऊन’चं ‘का’ करायला मुलाला क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात शिक्षक पुढच्या ओळीवर गेलेला असतो.

यातली गंमत अशी, की वर्ध्याकडचाच शिक्षक असेल तर तोही मधल्या सुट्टीत सहकाऱ्याला ‘काऊन’ म्हणतो. घंटा झाली, की वर्गात शिरताना त्याचं ‘का’ होतं.