मोजण्यापूर्वी ठरविलेले उत्तर

आमच्या बेळगावच्या मंडळीतील एका मुलीने धारवाडच्या विद्यापीठात मानवशास्त्र शिकण्याचे ठरविले, तेव्हा काही वडीलधाऱ्यांना चिंता वाटली. माकडाचा माणूस झाला असे शिकून ही मुलगी विश्वास गमावील, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला मात्र त्याच शास्त्राच्या एका जुन्या विद्यार्थिनीची आठवण झाली.

इरावती कर्वे १९२८ साली त्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर यांचा एक सिद्धांत होता. गोऱ्या माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते व ती असमानता त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे ते मानीत. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि वंशाचा व त्या असमानतेचा काही संबंध नाही असे आपल्या प्रबंधात लिहिले. परमुलखात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध लिहिणे सोपे नव्हते. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. फिशर १९३३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला अशा विद्वानांनी प्रतिष्ठा दिली, तिने पुढे लक्षावधी ज्यूंचा बळी घेतला.

गुरूचा मान राखावा की सत्याचा? आम्हांस वाटते, हे दोन मान एकमेकांचे वैरी नाहीत. गुरूला नमस्कार करावा. पण वहीत आकडा खरा तोच लिहावा. फिशर यांचे चुकले ते माणसे मोजण्यात नव्हे. इरावतीबाईंनीही पुढे महाराष्ट्रात अनेक जातींच्या माणसांची मोजमापे घेतली. चुकले ते मोजण्यापूर्वीच उत्तर ठरविण्यात.

आणि वाचकहो, त्या काळी जर्मनीत देवळे ओस नव्हती. दर रविवारी उपासना होत होती, तरी पुष्कळ मंडळ्या गप्प राहिल्या. तेव्हा विश्वासाला धोका विद्यापीठातच असतो असे कसे म्हणावे?

सर्व राष्ट्रे एकाच मूळापासून झाली, असे पौलाने अथेन्सकरांस सांगितले. शब्बाथशाळेत आपण ते मुलांस शिकवितो. मग घरी सोयरीक आली की, "पूर्वीचे कोण?" असे हळूच विचारतो. ही आपली मोजपट्टी. तिचेही उत्तर आधीच ठरलेले असते.

त्या मुलीला आम्ही इतकेच सांगितले, "बाई, जा, शीक. जे दिसेल ते खरे लिही. आणि परत आलीस म्हणजे आमचीही मापे घे."