मैदान चालत्या अंतरावर

नोकरीधंद्याला आणि संसाराला लागलेला माणूस खेळणे का सोडतो, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: वेळ मिळत नाही. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दिवसाकाठी तासभर मोकळा असलेली माणसे आपल्या गावांत आणि शहरांत पुष्कळ आहेत. तो तास मोबाइलवर किंवा टीव्हीसमोर जातो, कारण घरापासून मैदानापर्यंतचे अंतर त्या तासात बसत नाही. मैदान दहा मिनिटे पायी असेल तर चाळीस मिनिटे खेळून माणूस जेवायच्या वेळेला घरी परततो. तेच मैदान गावाबाहेर क्रीडासंकुलात असेल तर गाडी काढायची, रहदारीतून जायचे, गाडी लावायची जागा शोधायची आणि तसेच परत यायचे. यात तास संपतो, आणि आठवड्याभरात हौसही. म्हणून प्रौढांचा हौशी खेळ आणि पायी फिरता येणारे गाव या दोन वेगळ्या मागण्या आहेत असे मला वाटत नाही. मागणी एकच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील खेडसारख्या लहान शहराला ती अजून पुरी करता येईल, महानगरांना ती फार महागात पडेल.

सॉफ्टबॉलचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये, थंडीच्या दिवसांत आणि चक्क दिवाणखान्यात हा खेळ जन्मला. बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. बेसबॉलला लागणारे मोठे मैदान आणि उन्हाळा हाताशी नव्हता, म्हणून खेळच आखूड केला गेला. पुढे १९३०च्या मंदीत शिकागोच्या कामगारवस्त्यांनी त्याला आणखी आवळले. सोळा इंच घेराचा मोठा चेंडू घेतला की तो फार लांब जात नाही, त्यामुळे शेजारची छोटी बाग पुरते. तो खेळत खेळत मऊही पडतो, त्यामुळे उघड्या हातांनी झेलता येतो आणि हातमोज्याचा खर्च वाचतो. परवडेल एवढ्या पैशात आणि पायी पोचता येईल एवढ्या जागेत बसेपर्यंत लोकांनी नियम बदलले. आपल्याकडे मुंबईच्या चाळींच्या चौकांत अंडरआर्म क्रिकेटने नेमके हेच केले. हात खांद्याच्या वर न नेता चेंडू टाकायचा, अमुक भिंतीवर आदळला तर बाद, तमुक गॅलरीत गेला तरी बाद. चाकरमान्यांबरोबर तो खेळ कोकणातल्या वाड्यावाड्यांत आला. खेळ जागेप्रमाणे बदलतो हे खरेच. पण जागा घराजवळ असली तरच बदलायला कोणी तिथे जमते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात १९५५पासून नाटकवाल्यांची सॉफ्टबॉल लीग चालते. ब्रॉडवेच्या नाटकांत काम करणारे नट, पडद्यामागचे कामगार आणि तिकीटविक्री सांभाळणारे लोक दुपारी खेळतात आणि रात्रीच्या प्रयोगाला हजर राहतात. हे जमते, कारण नाट्यगृहे आणि मैदान यांच्यातले अंतर पायी तोडता येते. एरवी मोटारींच्या देशात हे घडते याला महत्त्व आहे. आपल्या जवळचे उदाहरण दादरचे. १९२५ साली खुले झालेले माहीम पार्क १९२७ साली शिवाजी पार्क झाले. त्याच्या चहूबाजूंनी राहत्या इमारती आहेत, कडेने बसायचा कट्टा आहे आणि आत एकाच वेळी कितीतरी डाव चालू असतात. शिवाजी पार्कने क्रिकेटपटू घडवले याचा अभिमान आपण बाळगतो. त्याच मैदानाभोवती चालणारी, कट्ट्यावर टेकणारी, नातवाला घेऊन येणारी हजारो सामान्य माणसे हे त्याचे अधिक मोठे काम आहे. ज्या मुंबईची कोकणी माणसाला ओढ वाटते तिच्यातला हा भाग आज तिथे नव्याने उभारायचा म्हटले तर जमिनीच्या भावापुढे कोणाचेच चालणार नाही.

खेडचे तसे नाही. जगबुडी नदीच्या काठचे हे जुने पेठेचे गाव. २०११च्या जनगणनेनुसार नगरपरिषदेच्या हद्दीत सतरा हजारांच्या आसपास वस्ती. बाजारपेठ, शाळा, एसटी स्थानक, कचेऱ्या, मशिदी आणि देवळे एकमेकांपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर आहेत. जुन्या पेठेत खाली दुकान आणि वर किंवा मागे घर ही रचना आहे. जगभरचे नगररचनाकार आज जे सांगत आहेत ते याहून वेगळे नाही. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली मांडलेल्या शेजारवस्तीच्या कल्पनेत शाळा आणि मैदान पाव मैलाच्या परिघात होते. कार्लोस मोरेनो यांची पंधरा मिनिटांच्या शहराची कल्पना पॅरिसने गाजवली. आपल्याकडे डोंगरउतारावरच्या वाड्यांना जोडणाऱ्या दगडी पाखाड्या याच हेतूने बांधल्या गेल्या, आणि शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारोदार जाते तीही माणसांच्या खांद्यावर, पायी. खेडला चालण्याचा संस्कार बाहेरून आणायचा नाही. पण वाढीची दिशा मात्र बदलते आहे. रेल्वे स्थानक आणि भरणे नाका पेठेपासून बाजूला आहेत, महामार्गाचे चौपदरीकरण झाले आहे, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीची ये-जा त्याच रस्त्याने होते. नवी दुकाने आणि नव्या सदनिका साहजिकच हमरस्ता धरतात. तिथे राहायला गेलेल्या कुटुंबाला दुधापासून औषधापर्यंत प्रत्येक गोष्टीला दुचाकी लागते, आणि एकदा तशी वसाहत झाली की ती मोडून पुन्हा बांधता येत नाही.

गावात मैदान नाही अशीही स्थिती नाही. गोळीबार मैदानाचे नाव मार्च २०२३मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन मोठ्या राजकीय सभांमुळे राज्यभर पोचले. सभा व्हाव्यात, त्या वर्षातून थोडे दिवस होतात. उरलेल्या दिवसांच्या संध्याकाळी गावातल्या मैदानांवर कोण येते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तरुण मुलगे येतात, टेनिस चेंडूचे क्रिकेट चालते. चाळिशीतल्या बाईसाठी, पन्नाशीतल्या शिक्षकासाठी, पाळी संपवून आलेल्या कामगारासाठी काय आहे? रत्नागिरी जिल्ह्यात २०११च्या गणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली होती. कर्ते पुरुष मुंबईत आणि गाव सांभाळणाऱ्या बायका इथे, असा या आकड्यांचा अर्थ आहे. ज्या जिल्ह्यात बायका बहुसंख्य आहेत तिथे संध्याकाळचे मैदान जवळजवळ संपूर्ण पुरुषांचे असावे, हे मला अन्यायाचे वाटते.

सॉफ्टबॉलचा विचार करायचा तो यासाठी. महाराष्ट्रात हा खेळ शालेय स्पर्धांतून पोचलेला आहे आणि मुलींनी तो जिद्दीने खेळला आहे. परंतु आपण त्याला सवलतीच्या गुणांशी आणि प्रमाणपत्राशी बांधून टाकले. शाळा सुटली की खेळ सुटतो. त्याचा संथ चेंडूफेकीचा प्रकार हौशी लोकांसाठीच आहे. चेंडू खालून, कमानीत टाकायचा असल्यामुळे फलंदाजाला तो दिसतो. दोन्ही संघांत स्त्री-पुरुष मिसळून खेळू शकतात. सात डाव तासाभरात उरकतात. जागेचा हिशेब तर फारच बोलका आहे. क्रिकेटची सीमारेषा किमान ६५ यार्डांवर धरली तरी वर्तुळ पावणेतीन एकरांचे होते. सॉफ्टबॉल काटकोनी पाचरीत खेळतात. तळांमधले अंतर ६० फूट आणि कुंपण दोनशे फुटांवर धरले, कडेला थोडी जागा सोडली, तरी सव्वा एकरात भागते. मोठा सोळा इंची चेंडू घेतला तर त्याहून कमी. म्हणजे एका मोठ्या मैदानाऐवजी दोन-तीन वस्त्यांत छोटी मैदाने करता येतात, आणि प्रत्येकाचे अंतर घटते. कबड्डी, खो-खो असताना परका खेळ कशाला, असा आक्षेप येईल. दोन्ही खेळ माझ्या मते थोर आहेत, पण ते गुडघ्यांकडून आणि फुप्फुसांकडून फार मागतात. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ते नव्याने सुरू करता येत नाहीत. अंडरआर्म क्रिकेटवर वाढलेल्या कोकणी हाताला सॉफ्टबॉलची फेक नवखी नाही. आणि कोणाला अंडरआर्म क्रिकेटच मिश्र संघांनी खेळायचे असेल तर माझी हरकत नाही. माझा आग्रह सव्वा एकराचा आणि दहा मिनिटांचा आहे.

दुचाकीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. स्कूटरने कोकणातल्या मुलींना कॉलेज आणि नोकरी दिली, ती काढून घेण्याची भाषा कोणी करू नये. पायी चालण्याची सोय मागणारा माणूस स्कूटरच्या विरोधात नसतो. स्कूटर नसलेली आजी, शाळकरी मूल आणि मोलकरीण यांनाही गाव वापरता यावे, एवढेच त्याचे म्हणणे असते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार माणसे मेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. गाडी न चालवणारा माणूस गाड्यांच्या रस्त्यावर रोज जिवावर उदार होऊन चालतो आहे. व्यापाऱ्यांची भीती अशी की गाडी दुकानापुढे लागली नाही तर गिऱ्हाईक जाईल. पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग डिसेंबर २०२१पासून पादचारी दिनाला वाहनांसाठी बंद ठेवण्याचा प्रयोग झाला आणि तो पुढेही करण्यात आला. खेडनेही तो आठवड्यातून एका संध्याकाळी करून पाहावा, व्यापाऱ्यांना सोबत घेऊन. पावसाचे काय? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तरी लोक छत्री घेऊन चालतातच, आणि दुकानांच्या पुढे आलेल्या छपरांखालून चालणे आपल्या पेठांना माहीत आहे. नवी इमारत बांधताना तळमजल्याला तशी पडवी सक्तीची करता येईल. खेळ मात्र चार महिने थांबेल. उरलेले आठ महिने काही कमी नाहीत.

सगळ्यात अवघड आक्षेप जगबुडीचा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. जी पेठ पायी फिरण्यासारखी आहे तीच पुराच्या वाटेत आहे. २२ जुलै २०२१ला चिपळूणबरोबर खेडही बुडाले. मग दाट वस्तीचे जुने गाव टिकवा असे सांगणे म्हणजे लोकांना पाण्यात ढकलणे नाही का? मला वाटते, इथेच मैदानाचा उपयोग होतो. घर, दुकान, दवाखाना पाण्याखाली गेला की संसार उद्ध्वस्त होतो. मैदान पाण्याखाली गेले तर गाळ काढून ते पुन्हा उभे राहते. नदीलगतच्या सखल जमिनीवर भराव टाकून इमारती उठवण्याऐवजी ती खेळासाठी मोकळी ठेवली, तर पुराच्या पाण्याला पसरायला जागा मिळते आणि गावाला पेठेशेजारी मैदान मिळते. नवी घरे उंचावर जरूर बांधावीत, मात्र महामार्गाच्या कडेने विखरून नव्हे, तर स्वतःचे छोटे मैदान, दुकाने आणि अंगणवाडी असलेली, दाटीने बसवलेली आणि खालच्या पेठेला रुंद, दिवे असलेल्या पाखाड्यांनी जोडलेली. यासाठी पैसा लागेल. पण फुटपाथ, पाखाडी आणि सव्वा एकर सपाट जमीन यांचा खर्च एका उड्डाणपुलापुढे नगण्य आहे.

कायदा गावाच्या बाजूने आहे, मात्र त्याला मुदत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्यात मैदानासाठी जमीन आरक्षित करता येते. पण अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. अशा रीतीने राज्यातल्या गावांनी मैदाने गमावली आहेत. कोणी हिसकावली नाहीत, विचारायला कोणी गेले नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना फुटपाथ मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि राज्यांना त्यासाठी धोरण आखायला सांगितले. तेव्हा खेडच्या नागरिकांना, विशेषतः बचत गटांतल्या महिलांना आणि शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना, माझी विनंती आहे: नगरपरिषदेत जाऊन विकास आराखड्याचा नकाशा मागा, त्यावर मैदानाची आरक्षणे कुठे आहेत आणि कोणत्या तारखेची आहेत ते पाहा, आणि ज्यांची दहा वर्षे भरत आली आहेत त्यांच्यासाठी आजच लेखी अर्ज द्या.