कुठं निघालात?



आपल्याकडे वाटेत कोणी भेटले की रामराम होतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "कुठं निघालात?" शेताला, बाजाराला, दवाखान्यात, लेकीच्या गावाला, माणूस कुठे तरी निघालेला असतोच. वारीत तर या प्रश्नाला तोंडाने उत्तर द्यावेच लागत नाही. खांद्यावरची पताका सांगते. गेली तीन वर्षे मात्र मला या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. कारण मी कुठेच निघालेलो नसतो. सायकलवर नुसता हिंडायला निघालेलो असतो.

तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या माळकऱ्याला हे काय सुचले? झाले असे, की शाळेतून निवृत्त झालो आणि पुढच्याच वर्षी उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. बावीस आषाढी वाऱ्या पायी झाल्या होत्या. तेविसाव्या वर्षी लोणंदच्या मुक्कामावरून मला एसटीने घरी यावे लागले. त्या प्रवासात खिडकीतून बाहेर बघायचा धीर झाला नाही, एवढेच सांगतो. डॉक्टर म्हणाले, "चालणं कमी करा, सायकल चालवा. अंगाचा भार सीटवर जातो, गुडघा मोकळा फिरतो." मुलाने गिअरची सायकल आणून दारात उभी केली. उभी म्हणजे भिंतीला टेकवून. तिला स्टँड नव्हता. या स्टँडची गोष्ट पुढे येईल.

माझे गाव फलटण तालुक्यात. पालखी मार्ग आता मोठा झाला आहे. त्यावरून गाड्या ज्या वेगाने जातात ते पाहता तिथे सायकल घालायची छाती होत नाही. पण नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून एक कच्ची वाट जाते. आवर्तन सुटलेले असले की डाव्या हाताला पाणी चालत असते, उजव्या हाताला खाली ऊस, मका, मधूनच डाळिंबाची बाग. पहाटे काकडा आटोपून निघालो की पहिला अर्धा तास वाटेवर कोणी नसते. तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले, पाण्याच्या कडेला एखादा खंड्या. सायकलचा आवाज तो केवढा, चेनची बारीक किरकिर आणि टायरखाली खड्यांची कुजबुज. मोटारसायकलवरून हीच वाट मी शेकडो वेळा गेलो असेन, पण या वाटेला वास आहे हे मला कळले नव्हते. एका वळणावर ओल्या चिखलाचा, पुढे गुऱ्हाळाचा, पुढे कुणाच्या तरी चुलीवरच्या पहिल्या चहाचा. पायी चालताना जे सगळे मिळायचे त्यातले बरेचसे सायकलवर मिळते, खोटे कशाला बोलू?

आणि हे नवलही नाही. सायकल ही चालण्याचीच लेक. जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल द्राइस नावाच्या गृहस्थाने १८१७ साली जी पहिली दुचाकी बाहेर काढली तिला पायडल नव्हतेच. दोन चाकांवर लाकडी बैठक, बसायचे आणि दोन्ही पाय जमिनीला लावून चालत राहायचे. चालण्याला चाके लावली, एवढेच. त्यानंतर फार वर्षे लोटली नाहीत तोच इकडे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा लवाजम्यासह उभा केला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एकाच शतकात तिकडे कोणी चालण्याला चाके लावत होते आणि इकडे कोणी चालण्याला शिस्त लावत होते, हे मनात आले की मला बरे वाटते.

पण वडील असते तर त्यांना हे पटले नसते. त्यांची काळी अ‍ॅटलस होती. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, दांडीला रतिबाच्या वहीची पिशवी. तीस वर्षे ते त्या सायकलवर बसले आणि एकदाही सहज म्हणून बसले नाहीत. रतीब घालून आले की सायकल स्टँडवर, आणि वारीला मात्र पायी. सायकल पोटासाठी, पाय पांडुरंगासाठी, असा त्यांचा साधा हिशेब. आजही माझ्या वाटेवर असेच लोक सायकलवर भेटतात. सरकारी योजनेतल्या सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी, हँडलला खुरपे अडकवून रानात निघालेला गडी. डोक्यावर हेल्मेट घालून कुठेच न निघालेला त्यांच्यात मी एकटाच. त्यांच्या कष्टाच्या वाटेवर मी मौज करत हिंडतो, हे बरोबर आहे का, हा प्रश्न मला पहिले वर्षभर छळत होता.

त्याचे एक उत्तर मी वारीतूनच काढले होते. माउली, वारीत तरी आपण काय पिकवतो? दुपारच्या विसाव्याला फुगड्या घालतो, हुतूतू खेळतो. साठीच्या बाया पाचवीतल्या मुलींसारख्या गिरक्या घेतात. वेळापूरजवळच्या टेकावरून धावत सुटतो, तेव्हा खाली काही वाटले जात असते का? रिंगणात अश्वामागे धावणारा माणूस कोणत्या कामाला निघालेला असतो? नवस करून जाणारा निराळा. वारकरी विठोबाकडे काही मागायला जात नाही, भेटायला जातो. ज्या संप्रदायाने निष्कारण आनंदाला एवढी जागा दिली, त्यातला माणूस कालव्याच्या कडेने निष्कारण हिंडला तर काय बिघडले? निष्काम, निष्काम म्हणतात ते आणखी वेगळे काय असते? असे मी स्वतःला समजावले होते, आणि ते मला चांगले पटलेही होते.

मग दोन वर्षांपूर्वीचा वैशाख आला.

मुलाने हँडलवर एक छोटे यंत्र बसवून दिले होते. किती किलोमीटर झाले, कोणत्या वेगाने झाले, कालच्यापेक्षा बरे की वाईट, सगळे ते दाखवते. त्या दिवशी मी जोरात होतो. एका मोरीच्या कठड्यावर एक म्हातारी बसलेली दिसली, शेजारी कडवळाचा भारा. तिने हात वर केला. मला वाटले, रामराम घालते आहे. मीही हात वर केला, तोंडाने "राम कृष्ण हरी" म्हटले आणि पुढे गेलो. वेग मोडला नाही.

तासाभराने परत आलो तर ती तिथेच. उन्हे वर आली होती, भाऱ्यातला कडवळ मान टाकू लागला होता. आता मी थांबलो. उतारावर पाय मुरगळला होता, घोटा सुजून लिंबाएवढा झाला होता. वस्ती जेमतेम अर्ध्या मैलावर. तिकडे लेकाला निरोप द्या, एवढेच तिला मघाशी मला सांगायचे होते. मी म्हटले, "मावशी, हाक का नाही मारली?" ती म्हणाली, "मारली की बाबा. पर तुमी घाईत हुता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घाईतल्या माणसाला कोण कशाला बोल लावील? तिला वाटले असणार, याला कामावर वेळेवर पोचायचे असेल.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. तिला मागे बसवून वस्तीवर न्यावे म्हटले, तर माझ्या सायकलला कॅरिअर नव्हते. वडिलांच्या अ‍ॅटलसवर ती सहज बसली असती, पुढे भाराही आला असता. मग मी एकटाच वस्तीवर गेलो, तिच्या लेकाला सांगितले, तो मोटारसायकल घेऊन आला. एवढे करायला मला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. ती तास-दीड तास उन्हात बसली होती.

त्या दिवसापासून माझा प्रश्न बदलला. निष्कारण हिंडावे की नाही, हा प्रश्नच राहिला नाही. ज्याला कुठेही जायचे नव्हते त्याला घाई कशी झाली, हा प्रश्न झाला.

यंत्राला दोष देऊन मोकळे होता येईल. मीही ते चार दिवस काढून ठेवले होते. पण विचार करून पाहा: ते यंत्र नसते, मी मनातल्या मनात हरिपाठ म्हणत, डोळे अर्धे मिटून, पाण्याकडे बघत तिथून गेलो असतो, तरी ती बसलेलीच राहिली असती. मग माझा दोष कमी झाला असता का? मला तर वाटते वाढला असता. यंत्रापायी चुकलो तर निदान चूक म्हणून ध्यानात येते. आनंदाच्या तंद्रीत चुकलो तर त्यालाच मी भक्ती म्हटले असते. निष्काम म्हणजे फळावर नजर नसणे. माझी तर वाटेवरही नजर नव्हती. आपले लक्ष कशातच नाही, यालाच आपण कशाची इच्छा नाही असे समजून चाललो आहोत, ही शंका तेव्हापासून मला सोडत नाही, आणि ती केवळ सायकलपुरती नाही.

नाथांची कावडीची गोष्ट तुम्हा आम्हा सर्वांना पाठ आहे. रामेश्वराला निघालेले पाणी त्यांनी वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. कीर्तनात ती ऐकताना आपण नाथांच्या भूतदयेला हात जोडतो. मला आता त्यात दुसरेच दिसते. नाथांना पोचायचे होते. ठिकाण ठरलेले, पाणी संकल्पाचे, पाठीमागे एवढी वाटचाल. तरी त्यांचा संकल्प वाटेत मोडू शकला. मला तर मोडायला संकल्पच नव्हता. होता तो एका तासाचा वेग, आणि तेवढाही मोडवला नाही.

इथे कोणी विचारील, आणि रास्तच विचारील, की दिसेल त्या हाताला थांबायचे तर माणूस गावाबाहेर पडायचा कधी? पालखी वाटेवरच्या प्रत्येकासाठी थांबते का? नाही थांबत. चोपदारांची शिस्त आहे, विसावे ठरलेले आहेत, त्याशिवाय लाखोंचा समाज सुमारे अडीचशे किलोमीटर चालून दशमीला पंढरीत पोचणार नाही. पण दिंडीत कुणाचा पाय मुरगळला तर शेजारचा त्याची पडशी घेतो, मागून येणारा त्याला धरतो. एकटा माणूस दिंडी नव्हे. तो पुढे गेला की त्याच्या मागून कोणी येत नसते. ओसाड वाटेवरून एकट्याने आनंदात जाणाऱ्यावर हे एक ओझे जास्तीचे आहे, असे मला वाटू लागले आहे. तुम्हाला पटते का पाहा. मी अजून पुरता खात्रीने बोलत नाही.

आता पुण्या-नाशकाहून सायकलने पंढरीला जाणारी मंडळी पुष्कळ झाली आहेत, आणि ती वारी म्हणायची की नाही यावर पारावर वाद होतात. त्या वादात मला फारसा रस उरलेला नाही. पायी जाणाराही घाईत असू शकतो, हे आपण सगळे जाणतो.

शाळेत असताना स्नेहसंमेलनाला मी एका स्पर्धेचा पंच असायचो. संथ सायकल. पाय टेकायचा नाही, रेघ ओलांडायची नाही, आणि सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला. पोरे हसायची, पण खरी कसरत तिथे असायची. वेगात सायकल आपोआप तोल धरते; हळू चालवायची तर क्षणोक्षणी जागे राहावे लागते, हँडल इकडे, मान तिकडे. पंधरा-वीस वर्षे मी शिट्टी वाजवून त्या शर्यती सोडल्या आणि स्वतः एकदाही उतरलो नाही.

त्या वैशाखानंतर मी फलटणला सायकलच्या दुकानात गेलो आणि स्टँड आणि कॅरिअर बसवायला सांगितले. दुकानातला पोरगा हसला. म्हणाला, "काका, या गाडीला असलं काही नसतं. वजन वाढतंय." तेव्हा माझ्या लक्षात आले, की थांबायचे नाही आणि कुणाला बरोबर घ्यायचे नाही असे धरूनच ती गाडी घडवलेली होती. पोराने दोन पट्ट्या वाकवून कसेबसे दोन्ही बसवून दिले. कॅरिअर जरा तिरके आहे आणि खड्ड्यात वाजते.

त्या मावशींची वस्ती आता माझ्या वाटेवरचा विसावा झाली आहे. घोटा बरा झाला, पण सकाळी अजून पाय ओढत चालतात. परवा त्याच्या अलीकडेच एका शेतकऱ्याने बांधावरून हात वर केला. मी ब्रेक दाबला, उतरलो, सायकल स्टँडवर लावली आणि जवळ गेलो. म्हटले, "काय झालं हो?" तो गोंधळला. "काय नाय गुरुजी. नुसता रामराम घातला. थांबला कशापायी?" मग आता थांबलोच आहे तर म्हणून कांद्याचा भाव आणि यंदाचे आवर्तन यावर आम्ही बोलत राहिलो. भरावाची माती मऊ होती. स्टँड रुतला आणि मागे सायकल धाडकन आडवी झाली. दोघांनी मिळून ती उचलली. कॅरिअर आणखी थोडे तिरके झाले आहे.