बेरीज चुकली आहे

घ्या आपापले पेपर. मार्क बघून तोंडं पाडू नका, आधी उत्तर बघा. ‘प्रत्येक बँकेचं ऑडिट नीट झालं की वित्तीय व्यवस्था सुरक्षित.’ जवळजवळ सगळ्यांची हीच ओळ! गाइडातून उतरवलीत ना? भंडाऱ्यात राहून असं लिहिता?

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाहिलेत की नाही? वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो. खालची पाळ कितीही धडधाकट असो, वरची फुटली की सगळं पाणी तिच्यावरच येतं. एकाच पाळीवर उभं राहून पाहणाऱ्याला हे कळत नाही, आणि तुम्ही एकेक ताळेबंद तपासून निवांत झालात!

शेजारच्या नागपूरचं होम ट्रेड प्रकरण आठवा. साल २००२. जिल्हा मध्यवर्ती बँकेनं सरकारी रोख्यांसाठी होम ट्रेड या दलाल कंपनीकडे पैसे मोजले. रोखे आलेच नाहीत. तीच दलाल कंपनी वर्ध्याच्या बँकेत, तीच उस्मानाबादच्या बँकेत. संचालक वेगळे, वह्या वेगळ्या, खड्डा एकच. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले. बहुतांश कर्ज एकाच एचडीआयएल समूहाला दिलेलं. खातेदाराला सुरुवातीला मिळाले फक्त १,००० रुपये. तिथे पतसंस्थांच्या आणि दुसऱ्या सहकारी बँकांच्याही ठेवी होत्या. जानेवारी २०२२ मध्ये बँक विलीन झाली, तेव्हा संस्थांच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ८० टक्के रकमेचे प्राधान्य शेअर झाले. आता सांगा, ज्या पतसंस्थेची स्वतःची वसुली चोख होती, तिचं ऑडिट कुठं चुकलं होतं?

म्हणून सगळी व्यवस्था एकत्र पाहावी लागते. कोणाचा पैसा कोणाकडे अडकलाय? सगळे एकाच कर्जामागे धावतायत का? २०१० मध्ये वित्तीय स्थैर्य व विकास परिषद नेमली ती याचसाठी. एक बँक बुडाली तर आणखी कोण बुडेल, हा हिशेब रिझर्व्ह बँक दर सहा महिन्यांच्या अहवालात मांडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं बँकांच्या विनातारण ग्राहक कर्जांचा जोखीम भार, म्हणजे कर्जामागे किती भांडवल राखायचं त्याचं माप, १०० वरून १२५ टक्के केला. एखादी बँक बुडाली म्हणून नव्हे. सगळ्यांचीच ती कर्जं झपाट्यानं वाढत होती म्हणून. ‘सगळ्याच बँका देतात, म्हणजे धोका कमी’ असं लिहिणाऱ्या शहाण्यांनी हे दोनदा वाचावं.

आणि पतसंस्था? ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत. पाच लाखांचं ठेव विमा कवच तिच्या ठेवीदाराला नाही. धानाचे चुकारे तुमच्या घरचे तिथेच ठेवतात ना? मग जा, संस्थेचा वार्षिक अहवाल मागा आणि तिनं स्वतःची गुंतवणूक कुठल्या बँकेत केलीय ते लिहून आणा. सगळ्यांचे कागद फळ्यावर एकत्र मांडू. एकाच बँकेचं नाव पुन्हा पुन्हा आलं, की आजचं उत्तर स्वतःच्या हातानं खोडायचं.