पत्र कुणाला?

दहावीच्या इंग्रजीचे कोणतेही गाइड उघडावे, अनौपचारिक पत्राचा नमुना हमखास सापडतो. कोपऱ्यात पत्ता, त्याखाली तारीख, ‘डिअर’ आणि नाव, मग स्वल्पविराम, तीन परिच्छेद, घरच्या मोठ्यांना नमस्कार, शेवटी ‘युअर्स लव्हिंगली’. पहिले वाक्यही जवळजवळ ठरलेले: मी इथे मजेत आहे, तूही तिथे मजेत असशील. ‘इकडील सर्व क्षेम’चाच हा इंग्रजी अवतार. ज्या पत्राला आपण अनौपचारिक म्हणतो, तेच शाळेत सर्वांत जास्त उपचार पाळून लिहिले जाते. स्पर्धेत पहिल्या आलेल्या मित्राचे अभिनंदन करायचे, पण तो मित्र उंच की बुटका, त्याच्याशी आपले शेवटचे भांडण कशावरून झाले, यातले काहीच लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, कारण मित्रच नसतो. माझे म्हणणे एवढेच आहे की इंग्रजीतले घरगुती पत्र बिघडते ते इथे. व्याकरण कच्चे असणे किंवा नमुना पाठ नसणे ही कारणे बरीच नंतरची.

ज्यांच्या भाषेत हे पत्र वाढले, त्यांच्याकडे पाहा. १८०१च्या जानेवारीत जेन ऑस्टिन आपल्या बहिणीला, कसांड्राला, लिहिते की पत्रलेखनाची खरी कला आता मला साधली. समोरासमोर जे बोललो असतो तेच कागदावर उतरवायचे, असे आपल्याला नेहमी सांगतात ना! यात उपदेशापेक्षा चेष्टाच अधिक आहे, आणि ती बहिणीलाच कळावी अशी आहे. कीट्सने १८१९च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत अमेरिकेतल्या भाऊ-भावजयीसाठी एकच लांबलचक पत्र लिहीत ठेवले. दुःखाच्या जगात माणसाचा आत्मा कसा घडतो, यावरचे त्याचे प्रसिद्ध चिंतन त्या पत्रात आहे. आणि पहिल्यांदाच क्रिकेटची बॅट हातात धरली तर डोळाच काळानिळा झाला, मित्राने पापणीला जळू लावली, हेही त्यातच आहे. या दोन गोष्टी शेजारी बसू शकतात, कारण वाचणारा भाऊ आहे. त्याला दोन्ही हव्या आहेत. अर्धवट सोडलेली वाक्ये, मध्येच विचारलेले प्रश्न, शब्दांची आखूड रूपे ही सगळी अनौपचारिक इंग्रजीची लक्षणे या ओळखीतून येतात. ती यादी करून शिकवली की पोरे ती मिठासारखी वरून भुरभुरवतात.

यावर कुणी म्हणेल, ऑस्टिन आणि कीट्स हे जातिवंत लेखक, इंग्रजी त्यांची मातृभाषा. आमच्या मुलांना त्यांची उदाहरणे काय कामाची? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच घरात आहे. गोपाळराव जोशी डाकखात्यात नोकरीला होते. पत्नीच्या, आनंदीबाईंच्या, शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. तो १८८०मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपण होऊन पत्र पाठवले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. इंग्रजी नवऱ्याकडून शिकलेले, तेही धाकात. तरीही दोघींची पत्रे तीन वर्षे चालली. हिंदू चालीरीती, धर्म यांविषयी आनंदीबाई लिहीत आणि स्वतःची डोकेदुखी, अशक्तपणाही लपवत नसत. पुढे कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. औषधांचा गुण आला नाही, पण कधी न पाहिलेल्या बाईने समुद्रापलीकडून औषध पाठवावे, एवढे त्या पत्रांना साधले. १८८३मध्ये आनंदीबाई अमेरिकेला पोहोचल्या त्या याच कार्पेंटरबाईंच्या घरी. त्यांच्या इंग्रजीतल्या चुका शोधणाऱ्याने जरूर शोधाव्यात.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अधिक अवघड. वर्गात साठ मुले, परीक्षेला ठरावीक वेळ, तपासणाऱ्यापुढे गठ्ठा. साचा नसेल तर गुण कशाला द्यायचे? साच्याला माझा विरोध नाही. पत्ता कुठे आणि तारीख कुठे, हे एका तासात शिकवून होते. नमुन्यांची पुस्तके इंग्लंडातही खपत. लंडनचा छापखानेवाला सॅम्युएल रिचर्डसन प्रकाशकांच्या सांगण्यावरून असेच पुस्तक तयार करत होता. मालकाच्या त्रासात सापडलेल्या मोलकरणीचा विषय त्यात आला आणि तो तिच्यातच इतका गुंतला की नमुने बाजूला ठेवून १७४०मध्ये त्याने ‘पामेला’ ही पत्ररूप कादंबरी पुरी केली. नमुन्यांचे पुस्तक त्यानंतर निघाले. आज कोणते वाचले जाते, हे सांगायला नको. नियमच हवे असतील तर लुइस कॅरोलने १८९०मध्ये पत्रलेखनावर काढलेली छोटी पुस्तिका पाहावी. तिच्यातला एक नियम असा की उत्तर लिहिण्यापूर्वी आलेले पत्र पुन्हा वाचावे.

आणि गुणांचा प्रश्न सुटत नाही असेही नाही. केंब्रिजच्या ‘बी-१ प्रिलिमिनरी’ या परकीय विद्यार्थ्यांसाठीच्या परीक्षेत आधी मित्राचा किंवा शिक्षकाचा ईमेल छापलेला असतो, त्यावर टिपणे असतात, आणि परीक्षार्थीने शंभरेक शब्दांत उत्तर द्यायचे असते. वाचणाऱ्यापर्यंत योग्य सुरात मजकूर पोहोचला का, हाही तिथे गुणांचा एक निकष आहे. कागदी पत्रेच संपली, असे म्हणणाऱ्यांनाही हे उत्तर पुरेसे आहे. आपल्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी एवढेच करावे: ‘मित्राला पत्र लिहा’ असे छापण्याआधी त्या मित्राचे पत्र छापावे.