नव्या तिकिटावर जुनी गाडी

जुनी वस्तू विकत घेतलेली नाही, पण तिच्याहून महाग अशी नवी घेतली आहे. मग ती जुनी वापरली तर चोरी होते का? अर्जुनाला हा प्रश्न पडला नव्हता. त्याला पडलेले प्रश्न मानाने सोपे होते. हा पडला आमच्या माधवनगरच्या एका यंत्रमागवाल्या अण्णांना.

अण्णांचा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीखेरीज कशावरही चालत नसे. 2009 साली विंडोज 7 आली आणि पुढे अण्णांनी घेतलेल्या नव्या संगणकात तीच निघाली. प्रोग्रॅम रुसला. दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, "काढून टाकू की सात, घालू एक्सपी." अण्णा पापभीरू. बँकेतला माणूस म्हणजे कायद्याचा माणूस अशी त्यांची समजूत, म्हणून आमच्या काउंटरवर आले. "साहेब, पैसं तर नव्याचं मोजल्यात. जुनं घातलं तर कंपनीचं काय जातंय, सांगा की!"

उत्तर अण्णांच्या खोक्यावर होतं. संगणकाबरोबर आलेली विंडोज 7 'प्रोफेशनल' असेल, तर तिच्या करारातच मागे जाण्याची मुभा होती: व्हिस्टा बिझनेस किंवा एक्सपी प्रोफेशनल, जे हवं ते. फक्त तबकडी अस्सल हवी आणि चालवायचं दोहोंपैकी एकच. पण खोक्यावर 'होम' असेल, तर मागचे दोर कापलेले! अण्णांचं प्रोफेशनल निघालं. पलीकडच्या शेडमधल्या त्यांच्या मेव्हण्यांचं होम. तोच पोरगा, तीच तबकडी, तोच सुताचा हिशेब. पण अण्णा सज्जन आणि मेव्हणे गुन्हेगार. आता बोला!

गुन्हाही लहानसहान नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63-ब आहे. जाणूनबुजून बेकायदा प्रत संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.

मेव्हण्यांची बाजू मात्र अगदीच लंगडी नव्हती. मिरजेहून पुण्याला जायला वातानुकूलित डब्याचं तिकीट काढलं आणि साध्या डब्यात उभं राहून गेलं, तर त्यात रेल्वेचं काय बुडालं? बरोबर. पण आजच्या तिकिटावर कालच्या गाडीत बसता येतं का? तेही नाही. तेव्हा खरा वाद असा, की जुनी आवृत्ती म्हणजे खालचा डबा की कालची गाडी? तर ज्याची गाडी, तोच हे ठरवणार. म्हणजे आपण विकत काय घेतलं? वस्तू की नुसती परवानगी?

यावर आपलं सर्वोच्च न्यायालयही बोललेलं आहे. 2004 साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात त्याने तयार सॉफ्टवेअर हा 'माल' ठरवला, कारण त्यावर विक्रीकर लागायचा होता. तात्पर्य, कर भरताना तो माल आणि वापरताना ती परवानगी. गिऱ्हाइकाने दोन्हीकडून नमस्कार करावा.

पण वाणिज्य शाखेच्या माणसाने यावर फार चिडू नये. बँकेत ठेवलेले पैसे 'आपले' असतात, असं तुम्ही समजता. बी.कॉम.ला आम्हाला उलटं शिकवलं: पैसे बँकेचे झाले, तुम्ही फक्त धनको. म्हणून तर स्वतःचेच पैसे काढताना सही जुळली नाही की आम्ही स्लिप परत करतो. तिथे "कुणाचं काय जातंय?" हा प्रश्न चालत नाही.

म्हणून माझं मत असं, की पाप खोक्यावरच्या नावात नाही, दिलेल्या शब्दात आहे. 'मला मान्य आहे' हे बटण आपण न वाचता दाबतो. पण न वाचता दिलेला शब्द हाही शब्दच. कर्जाचे कागद न वाचता सही करणारे जामीनदार मी रोज पाहतो. वसुलीची नोटीस गेली की "मी वाचलंच न्हवतं" म्हणतात. पैसे भरावेच लागतात. मात्र कोणी वाचूच नये इतक्या बारीक अक्षरांत जो लिहितो, त्याला मी साव म्हणणार नाही. त्याच्यासाठी कुठल्याच कायद्यात सात दिवस नाहीत, एवढंच.

एक्सपीला 8 एप्रिल 2014 रोजी कंपनीने वाऱ्यावर सोडलं, विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 रोजी. खोकी बदलली, प्रश्न तोच राहिला. मेव्हण्यांनी तेव्हा काय केलं म्हणता? चार दिवस धुसफुसले आणि जादा पैसे भरून होमचं प्रोफेशनल करून घेतलं. जुनं वापरायला मिळावं म्हणून नव्याहून नवं घेणारा हा माधवनगरातला पहिलाच माणूस असावा. पावती त्यांनी देवघरात ठेवली आहे.