फुकट पाहिलेला सिनेमा आणि सातवी आज्ञा



मोबाइलवर सिनेमाची चोरटी प्रत पाहिली, तर ती चोरी कशी? कोणाची वस्तू कमी झाली? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. गाय चोरली तर मालकाचा गोठा रिकामा होतो. सिनेमाची नक्कल केली तरी मूळ सिनेमा जागच्या जागी राहतो.

पूर्वी आपल्या भागात जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवीत. कनात उचलून आत सरकणाऱ्या पोरामुळे कुणाची जागा अडत नसे. सगळेच जमिनीवर बसत. तरी तंबूवाला काठी घेऊन मागे लागे आणि गावात त्याला कुणी अन्यायी म्हणत नसे. तिकीट जागेचे नव्हते, हे गावाला ठाऊक होते. गाडीभाडे, रिळांचे भाडे, यंत्र चालवणाऱ्याचा पगार, सारे त्यातूनच निघे. म्हणजे प्रश्न वस्तूचा नसून मोबदल्याचा आहे. सातवी आज्ञा वस्तू उचलण्यापुरती नाही. दुसऱ्याच्या कष्टाचे दाम बुडवणेही तिच्यात येते. याकोबाने आपल्या पत्रात शेतमालकांना खडसावले ते याचसाठी.

श्रीगोंदा तालुक्यातील गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून 'ख्वाडा' काढला. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली आणि २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. जमीन विकणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. तिकिटाच्या पैशातून आधी चित्रपटगृह आपला हिस्सा ठेवते, मग वितरक आपला खर्च वळता करतो, आणि उरले तर ते निर्मात्याचे. रांगेत तो शेवटचा.

यावर कुणी म्हणेल, २०१६ च्या 'सैराट'ने तर १०० कोटींच्या घरात कमाई केली, माझ्या तिकिटावाचून काय अडले? पण मेमरी कार्ड भरून देणारा दुकानदार १०० कोटींचा सिनेमा कोणता आणि जमीन विकून काढलेला कोणता, हे पाहत नाही. एकदा हाताला सवय लागली की पाहणाराही पाहत नाही.

मग गरिबाचे काय? अत्यंत निकडीत दुसऱ्याची भाकरी घेणारा चोर ठरत नाही, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. सिनेमा ही भाकरी नव्हे, एवढे म्हणून आम्हाला सुटता येत नाही. चौघांची तिकिटे आणि शहरापर्यंतचे पेट्रोल यांत मजुराचा दिवसाचा रोज सहज जातो. शिवाय २०२३ मध्ये कऱ्हाडे यांच्याच 'टीडीएम'ला पुरेसे खेळ मिळाले नाहीत आणि तो काही काळ मागे घ्यावा लागला. तिकीट काढायला तयार असलेल्याने तरी जायचे कुठे?

म्हणून पाहणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा दोष आम्ही एकाच मापाने मोजत नाही. पोरगा कनातीखालून शिरतो. दुसरा कनात फाडून तिथे स्वतःची तिकीटविक्री मांडतो. महाराष्ट्राने २००९ मध्ये अशा व्हिडिओ पायरसीवाल्यांना हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीला बसवून स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आणले. खटल्याविना माणूस डांबणे आम्हाला जड वाटते. त्यापेक्षा २०२३ चा केंद्राचा कायदा सरळ आहे: न्यायालयात गुन्हा शाबीत झाला तर ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड.

राहिली भरपाई. चोरीची क्षमा मिळाली तरी घेतलेले परत करावे लागते. जक्कयाने तर चौपट देऊ केले. पाहून झालेला सिनेमा परत कसा करणार? आमच्या मते, त्याच माणसाचा पुढचा चित्रपट तालुक्याला लागला की तिकीट काढून पाहावा. लागलाच नाही, तर चित्रपटगृहवाल्याला जाऊन विचारावे, का लावला नाही म्हणून. जक्कयाच्या हिशेबाने चार तिकिटे होतात. घरच्यांनाही नेता येईल.